आराखड्यात नसलेली जोखीम



अभियंत्याला तासभर माइकसमोर उभं करून संयोजकांनी एक जोखीम पत्करलेली आहेच. आम्हा लोकांना चार ओळींचं टिपण लिहून खाली सही ठोकायची सवय. त्याहून लांब बोलायला सांगितलं की आम्ही एकतर स्लाइड मागतो, नाहीतर आठवणी काढतो. स्लाइड मी आणलेल्या नाहीत. आठवण एकच सांगणार आहे, तीही विषयाला धरून.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचा विषय होता कामाचं नियोजन. कुठलंही काम हाती घेताना आपण जोखमींची यादी करतो. पाऊस लांबेल, भूसंपादन अडेल, सिमेंट-लोखंडाचे भाव चढतील, शिमग्याला मजूर गावी जातील. या जोखमी ओळखीच्या आहेत. त्यांची सोय टेंडरमध्ये असते, निदान असायला हवी. मी आज बोलणार आहे ते या यादीत नसलेल्या जोखमीबद्दल. काम निम्मं झालं आहे, पैसे निम्म्याहून जास्त गेले आहेत, उद्घाटनाची तारीख मंत्रालयात कुणीतरी कुणालातरी सांगून टाकली आहे, आणि अशा वेळी जमिनीतून, नकाशातून किंवा माणसांतून काहीतरी नवंच वर येतं. त्याचं काय करायचं?

पाठ्यपुस्तकाकडे याचं उत्तर आहे, आणि ते चुकीचं नाही. जोखीम नोंदवा. ती घडण्याची शक्यता किती आणि घडली तर नुकसान किती, याचा अंदाज करा. तिला एक मालक नेमा. मग ठरवा, टाळायची, कमी करायची, दुसऱ्याच्या अंगावर टाकायची की पत्करायची. आणि अधूनमधून पुन्हा बघा. परीक्षेत दहापैकी आठ गुण मिळतील. पण नोंदवा म्हणजे कुणी नोंदवायचं? ठरवा म्हणजे कुणी ठरवायचं? इथेच सगळं अडतं. माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या जोखमीचं पुढे काय होतं, हे ती किती मोठी आहे यावर फारसं ठरत नाही. ती ज्याला दिसली तो माणूस आणि ज्याच्या सहीनं काम थांबतं किंवा पैसा सुटतो तो माणूस, या दोघांमध्ये किती टेबलं आहेत, यावर ते ठरतं.

पुण्यामुंबईच्या सभागृहात हा विषय निघाला की पानशेत टाळून पुढे जाता येत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. त्याबद्दल या मंचांवरून भरपूर बोललं गेलं आहे, म्हणून मी त्यातली एकच गोष्ट उचलतो. धरण अजून पुरं व्हायचं होतं, आणि तरी त्या पावसाळ्यात पाणी साठवायचं ठरलं. मातीचं काम लगबगीनं चढवलं गेलं, विमोचकाची म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाची कामं अपुरी राहिली. आता बघा, जोखमींच्या यादीतली एकही ओळ बदलली नाही. बदलली ती फक्त तारीख. पण एक हंगाम अलीकडे ओढल्याबरोबर ते काम वेगळंच झालं. तारीख बदलली की जोखमींची यादी पहिल्या पानापासून पुन्हा करावी लागते, हे आपल्याकडे आजही कुणी करत नाही. सुधारित बारचार्ट लगेच होतो, नवा रंगही दिला जातो. जोखमींचा तक्ता मात्र जुनाच राहतो.

शेवटच्या दोन दिवसांत पानशेतचा माथा खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण तोलण्याची शर्थ केली. ती शर्थ खरी होती, आणि त्या माणसांविषयी पुण्यात आजही आदरानं बोललं जातं. पण प्रकल्प वाचवणं वेगळं आणि प्रकल्पाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना सावध करणं वेगळं. ही दोन कामं एकाच अधिकाऱ्याच्या डोक्यावर असली की दुसरं मागे पडतं. कारण सावध करायचं म्हणजे धरण जाईल हे मोठ्यानं म्हणायचं. धरण वाचवायला निघालेला माणूस हे कसं म्हणेल? आपल्याला सूचना वेळेत आणि स्पष्ट मिळाली नाही, ही पुणेकरांची तक्रार तिथून आली.

आता ती आठवण. एका नदीकाठच्या पाणीपुरवठा योजनेवर जॅकवेलची, म्हणजे नदीचं पाणी उपसण्यासाठीच्या विहिरीची, खोदाई चालली होती. खड्ड्यात पाझर होता, पंप रात्रंदिवस चालू होते. डायरीत रोज एकच नोंद: ‘डिवॉटरिंग चालू.’ महिन्याच्या बैठकीत जो जोखमींचा तक्ता फिरायचा, त्यात ‘भूजल’ या ओळीपुढे ‘मध्यम’ आणि शेवटच्या रकान्यात ‘लक्ष ठेवणे’. एका संध्याकाळी मुकादम साइट ऑफिसच्या दारात येऊन म्हणाला, ‘साहेब, पाणी गढूळ यायला लागलंय.’

श्रोत्यांमध्ये स्थापत्यवाले असतील त्यांच्या अंगावर काटा आला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पाझराचं पाणी स्वच्छ येतं तोवर फक्त पाणी येतंय. ते गढूळ झालं याचा अर्थ पाण्याबरोबर माती येतेय, म्हणजे मागे कुठेतरी पोकळी होतेय. उपसा जितका वाढवाल तितकी ती वाढेल. पंपाची क्षमता दुप्पट करणं, जे कुणालाही पहिल्यांदा सुचेल, ते इथे घातक ठरेल. तक्त्यातल्या ‘भूजल – मध्यम – लक्ष ठेवणे’ यापेक्षा मुकादमाचं ते एक वाक्य कितीतरी नेमकं होतं. काय बदललं ते त्यात होतं, कधीपासून तेही होतं.

साइटवरच्या मुलीनं, हो, साइट इंजिनिअर एक तरुण मुलगी होती, खोदाई तिथेच थांबवली. जिथून माती येत होती तिथे वाळू आणि खडीचे थर टाकून पाणी गाळून येईल असं केलं, आणि मग वरिष्ठांना फोन केला. क्रम लक्षात घ्या: आधी थांबवलं, मग फोन. खड्डा राहिला, माणसंही राहिली. पुढचं मात्र आपल्या ओळखीचं आहे. ती वाळू-खडी मूळ अंदाजपत्रकात नव्हती, म्हणून तो एक्स्ट्रा आयटम. त्याच्या दराला मंजुरी कुणाची? उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता असा कागद चढत गेला. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: हे आधी का लक्षात आलं नाही?

हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण विचारा स्वतःला, तो ऐकल्यावर पुढच्या वेळी कोण काय करेल? कंत्राटदार गप्प बसेल, कारण बोललं तर ‘तुमच्या कामातला दोष’ म्हणून त्याच्याच बिलातून कापलं जाईल. इंजिनिअर गप्प बसेल, कारण लिहिलं की खुलासा मागतील. वरिष्ठ गप्प बसतील, कारण उद्या ऑडिट पॅरा निघेल. तिघांपैकी एकही माणूस वाईट नाही. तिघांनाही धोका दिसतोय आणि तिघांनाही तो न लिहिण्यात शहाणपण वाटतंय. नवी जोखीम सांगणाऱ्याला पहिला प्रश्न ‘आधी का नाही?’ असा न विचारता ‘आत्ता काय थांबवलंस?’ असा विचारला, तरी निम्मं काम होईल.

आणि ते ‘लक्ष ठेवणे’! माझा या दोन शब्दांवर राग आहे, तो जरा काढून घेतो. लक्ष ठेवणे म्हणजे कुणी? दिवसातून कितीदा? काय मोजून? आणि मोजमाप कुठे पोचलं की काय करायचं? भिंत इतके मिलिमीटर सरकली की क्रेन बंद, पाणी इतक्या पातळीला आलं की माणसं वर, असा आकडा आणि असं क्रियापद नसेल, तर ‘लक्ष ठेवणे’ म्हणजे पुढच्या बैठकीपर्यंत विसरणे. मी शंभर-शंभर ओळींचे तक्ते पाहिलेले आहेत, ज्यांच्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत हेच लिहिलेलं असतं. माउस धरून खाली ओढलं की झालं.

अर्थात, मोजायचं काय हेच कळत नसेल तर? जोखीम इतकी नवी की पुस्तकात तिचं नावच नाही, तर? याचं जगातलं एक मोठं उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यात आहे.

कोयना धरणाची आखणी झाली तेव्हा दख्खनचं पठार हा भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर भाग मानला जात होता. आडव्या धक्क्यासाठी धरला गेला तो गुणांक होता ०.०५, म्हणजे वजनाच्या पाच टक्के. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तेही सावधगिरीचंच होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवाजीसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, पाणी साठू लागलं, आणि परिसरातल्या लोकांना हादरे जाणवू लागले, जमिनीतून गुडगुड ऐकू येऊ लागली. यावर काय करता आलं असतं? ‘या भागात भूकंप होत नाहीत’ असं पत्रक काढता आलं असतं. तसं म्हणणारे जाणकार तेव्हा होतेच. पण खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रानं तिथे भूकंपमापक बसवले. धरणाच्या पोटात जी तपासणीची गॅलरी असते, तिथेही धक्क्याचा जोर नोंदवणारं यंत्र बसवलं गेलं. हादरे कशानं येताहेत याचं नक्की उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. यंत्रं मात्र आधी बसली.

१९६७च्या सप्टेंबरमध्ये एक मोठा धक्का बसला, आणि ११ डिसेंबरच्या पहाटे तो भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या जवळपास. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत दीडशेहून अधिक माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच भागाला वरच्या बाजूला आडव्या भेगा गेल्या. धरणाचा उतार जिथे एकदम बदलतो, नेमक्या त्या पातळीवर. तो कोन तिथे का होता? धरण दोन टप्प्यांत वाढवायचा मूळ बेत बांधकाम चालू असतानाच बदलला आणि पूर्ण उंची एकदम गाठायचं ठरलं, त्यातून तो आकार आला. पुन्हा तेच. मधल्या वाटेवर घेतलेला एक निर्णय, त्याच्या जागी अगदी योग्य, आणि त्याच्या पोटात एक दुबळी रेघ.

गॅलरीतल्या यंत्रानं त्या पहाटेची नोंद केली. आखणीत धरलेल्यापेक्षा धक्का कित्येक पटींनी मोठा होता. ही नोंद धरणांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक आजही वापरतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की दुरुस्तीची चर्चा अंदाजावर झाली नाही, आकड्यांवर झाली. भेगांत इपॉक्सी भरलं गेलं, ताणलेल्या पोलादी केबल्सनी धरण आवळलं गेलं, आणि मग उंच भागाच्या मागच्या अंगाला काँक्रीटचं भक्कम पाठबळ दिलं गेलं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर एकविसाव्या शतकात झालं. म्हणजे १९६७ साली कळलेली जोखीम कोयनेच्या हिशेबात चाळीस वर्षं उघडीच होती. आजही आहे. कराडला भूभौतिकीची प्रयोगशाळा त्यासाठीच उभी राहिली, आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात काय चाललंय ते बघितलं गेलं. प्रकल्पाचं पूर्णत्व प्रमाणपत्र निघालं म्हणून जोखमीची फाइल बंद झाली, असं तिथे कुणाला म्हणता आलं नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ‘बंद’ या शिक्क्याचं फार आकर्षण. बैठकीत ‘किती जोखमी बंद झाल्या?’ असं विचारतात. जितक्या जास्त बंद, तितका प्रकल्प निरोगी!

आता कोकण रेल्वे. सभागृहात कोकणातली मंडळी बरीच दिसतात, तेव्हा जपून बोलतो.

१९९० साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल. लक्ष्य पाच वर्षांचं. कागदावर सगळ्यांत भीतिदायक काय वाटेल? रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, किंवा चौसष्ट मीटर उंचीचा पानवलचा पूल. काम अवघडच होतं, पण ते अवघड आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कठीण खडक फोडायला वेळ लागतो, तो किती लागेल हे मात्र सांगता येतं.

अडवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, करबुड्याच्या चौथाईहून कमी. पण डोंगराच्या पोटात खडक नव्हता. वर जांभा आणि खाली पाण्यानं भिजलेली, दाब पडला की वाहणारी माती. सुरुंग लावायची सोय नाही, कारण फोडायला काही नाहीच. आज जेवढं खणायचं तेवढं रात्रीत परत आत यायचं, वरची जमीन खचायची. माणसंही दगावली. खडकासाठी आणलेली परदेशी यंत्रं इथे काय करणार? खोदाईचे टप्पे लहान करायचे, लगोलग पोलादी कमानी उभारायच्या, मग पुढचं पाऊल. सावंतवाडीपर्यंत गाड्या येऊ लागल्या, दक्षिणेकडूनही मार्ग होत आला, आणि मध्ये पेडण्याचा डोंगर आडवा. अखेर २६ जानेवारी १९९८ला संपूर्ण मार्गावरून गाडी गेली. पाच वर्षांची सात-साडेसात झाली.

महामंडळाच्या कार्यालयांत उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळं लावलेली असत. त्या घड्याळांचं फार कौतुक झालं आहे. माझं मत जरा वेगळं आहे. उलटं घड्याळ ओळखीच्या कामाला वेग देतं. नवी जोखीम घेऊन येणाऱ्या माणसाला मात्र ते दारातच अडवतं, कारण त्या घड्याळाखाली उभं राहून ‘अजून सहा महिने लागतील’ म्हणायला छाती लागते. ते घड्याळ कोकण रेल्वेत चाललं, कारण त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट होती: मार्गाचे सात विभाग आणि प्रत्येक विभागाच्या मुख्य अभियंत्याकडे जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार. टेबलं कमी केलेली होती. आज कित्येक प्रकल्पांनी घड्याळ तेवढं उचललं आहे.

गोव्यातला मार्गाच्या आखणीचा वादही आराखड्यात नसलेलीच जोखीम होता. खाजण शेती, जुन्या गोव्याची चर्च, लोकांची आंदोलनं, काही काळ थांबलेलं काम, न्यायमूर्ती ओझांची चौकशी. आखणी शेवटी कायम राहिली. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, तिकडे वळत नाही. एवढंच म्हणतो की माणसांचा विरोध ‘बाह्य अडथळा’ या रकान्यात टाकणारे अभियंते मातीचा विरोध मात्र ‘तांत्रिक’ समजून गांभीर्यानं घेतात. खाजणात पाणी कुठून शिरतं हे तिथल्या शेतकऱ्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

मार्ग पुरा झाला, गाड्या धावू लागल्या, आणि खरी जोखीम त्यानंतर वर आली. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधून रुळांवर आलेल्या दगडमातीवर कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी आदळली. पन्नासच्या वर माणसं गेली. वर्ष होतंय न होतंय तोच, १६ जून २००४ला, करंजाडीजवळ आंबोलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. तिथेही कारण रुळांवर आलेले दगडच. बोगदे आणि पूल ही अभियंत्यांची अभिमानाची ठिकाणं. घात झाला तो डोंगर कापून केलेल्या साध्या कटिंगमध्ये.

पुढे काय झालं? कटिंगचे उतार कमी केले, दगड अडवणाऱ्या पोलादी जाळ्या बसवल्या, डोंगर सरकतोय का ते सांगणारी उपकरणं लावली, पर्जन्यमापक आणि पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आली, पावसाळ्यात गस्तीची माणसं वाढवली. पण या सगळ्याहून मला मोलाची वाटते ती एक अगदी साधी गोष्ट, पावसाळी वेळापत्रक. पाऊस सुरू झाला की गाड्यांचा वेग कमी, मुसळधार असेल तर ताशी चाळीस किलोमीटर, आणि हे आधीच छापून प्रवाशाच्या हातात. म्हणजे डोंगर कोसळू शकतो हे संस्थेनं जाहीरपणे कबूल केलं, आणि त्याची किंमत तासांत मोजून सगळ्यांना सांगितली. ‘पत्करणे’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द बहुधा काहीच न करण्यासाठी वापरला जातो. इथे तो वेळापत्रकात उतरला. गणपतीला गाडी उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुरतो, पण वेग वाढवा असं कुणी म्हणत नाही.

आता पैशाविषयी, थोडक्यात. आपल्या अंदाजपत्रकांत आकस्मिक खर्चाची तरतूद असते, आणि ती बहुतेकदा भलत्याच गोष्टींवर संपलेली असते. कार्यालयाची गाडी, भूमिपूजनाचा मांडव, वगैरे. नवी जोखीम येते तेव्हा डबा रिकामा. या तरतुदीचा छोटा हिस्सा तरी साइटवरच्या अधिकाऱ्याच्या सहीनं त्याच दिवशी खर्च करता यायला हवा, आणि बाकीचा जोखमीखेरीज कशालाही लावता येऊ नये. दुसरं म्हणजे ‘जमिनीत काहीही निघालं तरी कंत्राटदार जबाबदार’ हे कलम. असं लिहून जोखीम दुसऱ्याच्या अंगावर ढकलली, असा आपला समज. पेडण्यासारखा डोंगर लागला की छोटा कंत्राटदार काम सोडून जातो, आणि डोंगर तिथेच, मालक तोच. कलम लिहिणाऱ्यांनी एकदा बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून यावं.

पेडण्याचा बोगदा अजून बोलतोच आहे. ऑगस्ट २०२०मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला, जुलै २०२४मध्ये आत पाणी आणि चिखल आला, दोन्ही वेळा गाड्या दूरच्या मार्गानं वळवाव्या लागल्या. ते बांधणारे बहुतेक केव्हाच निवृत्त झाले. आज जे तिथे कामाला आहेत, त्यांच्यापर्यंत त्या वर्षांतल्या रोजच्या नोंदी पोचल्या पाहिजेत: कुठे माती आत आली, कुठे किती कमानी लावल्या, कुठे पाणी सतत होतं. प्रकल्प हस्तांतरित होतो तेव्हा नकाशे, चाव्या आणि फर्निचरची यादी दिली जाते. सोबत उघड्या जोखमींची यादी, प्रत्येकीपुढे नव्या मालकाचं नाव आणि त्याची पोच असल्याशिवाय हस्तांतरणाच्या कागदावर सही करू नका, असं मी इथे बसलेल्या तरुण अभियंत्यांना सांगेन. वरून दबाव येईल. साइट ऑर्डर बुकात लिहा आणि तारीख घाला.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटं राखली आहेत. पानशेतवर कुणी काही विचारणार असेल तर आधी ज्येष्ठांना बोलू द्या. त्यांनी ते पाणी पाहिलेलं आहे, मी कागद पाहिलेत.